आधी वही, मग कॅमेरा: तालुक्यात राहून बातमीचे आणि खेळाचे फोटो

दिवाळी उलटली, लग्नाच्या तिथी जवळ आल्या, की दोन-तीन पोरं माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसतात. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, बसस्टँडसमोरचा फोटो स्टुडिओ. पोरांचा प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, पेपरात फोटो द्याचे हायेत. कॅमेरा कोनता घेऊ?" मी उलटा प्रश्न टाकतो, "आपल्या तालुक्यात पट कोणत्या कोणत्या गावाला भरते, सांग बरं." पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. दहातली आठ पोरं तिथंच अडतात. हा लेख उरलेल्या दोघांसाठी आहे. बाकीची आठ गावांची यादी करून परत आली, तर त्यांच्यासाठीही आहे.

अठरा वर्षं मी हे काम करतोय. पेपरात, शाळांच्या भिंतींवर, पंचायत समितीच्या अहवालात, कबड्डी मंडळांच्या फ्लेक्सवर माझे फोटो आहेत. शिकलो चुकत-माकत. तुम्हाला रीतसर शिकायचं असेल तर अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, नागपूर आणि अमरावती विद्यापीठांत पत्रकारितेचे अभ्यासक्रम आहेत. जमलं तर जरूर जा. मी मात्र गावात राहून काय करता येतं तेवढंच सांगणार.

१. पहिले पोटाचं पाहा

तालुक्याच्या ठिकाणी पगारी प्रेस फोटोग्राफर ही जागाच नसते, हे आजच मनाशी पक्कं करा. जिल्ह्याच्या कार्यालयात एखादा छायाचित्रकार असतो. तालुक्यात वार्ताहर असतो, तो मोबाइलवर फोटो काढतो आणि त्याचं घर बहुतेक वेळा जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. तुम्ही त्याच्या पोटावर पाय देऊ नका. उलट त्याच्याशी दोस्ती करा. त्याला बातमी कळते, तुम्हाला फोटो कळतो.

माझा हिशेब उघडा सांगतो. वर्षाला शंभर रुपये आले तर सत्तर लग्न, साखरपुडे, वाढदिवसांचे. वीस शाळा-कॉलेज, गॅदरिंग, संस्थांचे कार्यक्रम. बातमीचे आणि खेळाचे दहा. त्या दहासाठी मी उरलेले नव्वद कमावतो, असं बायको म्हणते, आणि ते खोटं नाही.

म्हणून लग्नाला नाक मुरडू नका. मंगलाष्टकं संपतात, "शुभमंगल सावधान" होतं आणि अक्षता हवेत असतात तो सेकंद परत येत नाही. मंडपात उजेड धड नसतो, मामा मधे येतो, व्हिडिओवाल्याचा लाइट डोळ्यांवर मारतो, आणि तरीही फोटो यावाच लागतो. कबड्डीच्या पकडीचा फोटो काढायची यापेक्षा चांगली तालीम नाही. दोन सीझन लग्नं करा, हात आपोआप तयार होतो.

२. वर्षाची फिरती पाठ करा

मोठ्या शहरातला फोटोग्राफर घटना घडली की पळतो. आपल्याकडे अंतरं मोठी, रस्ते तसे, आणि गाडीत पेट्रोल आपल्याच खिशातलं. म्हणून काय, कुठं, कधी होणार हे आधीच माहीत पाहिजे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका.

पेरणीपासून धरा. जूनमध्ये आभाळाकडे लागलेले डोळे, दुबार पेरणी. जुलै-ऑगस्टात वर्धा, वैनगंगा, पैनगंगा फुगतात. पुराच्या फोटोसाठी पुलावर जाऊ नका, पुलाकडे पाहणारी माणसं टिपा, फोटोही तोच जास्त बोलतो. मग पोळा. झडत्या (पोळ्यात म्हणायची खास गाणी) म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांचे चेहरे आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, लाकडी बैल ओढणारी लेकरं. हे दोन दिवस विदर्भाबाहेरच्या संपादकालाही हवे असतात. पावसाळा सरता सरता शालेय क्रीडा स्पर्धा रंगात येतात: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढती पायरी, १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट. वेळापत्रक जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून निघतं आणि शाळेच्या क्रीडाशिक्षकाच्या व्हॉट्सअॅपवर येऊन पडतं. त्या शिक्षकाला चहा पाजून ठेवा. ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीला जाणाऱ्या गाड्या, मोझरीला तुकडोजी महाराजांना वाहिली जाणारी मौन श्रद्धांजली, मग कापूस वेचणी, बाजार समितीसमोरच्या गाड्यांच्या रांगा. रब्बीचा जोर कमी झाला की पट, आमदंगल (कुस्त्यांचा फड), नाइट कबड्डी, टेनिस बॉल क्रिकेट. मे महिन्यात टँकर आणि ४५ अंशांचं ऊन.

यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी दोन गावं आणि दोन माणसं तुमच्या ओळखीची पाहिजेत. ही यादी झाली की धंदा अर्धा सुरू झाला असं समजा. कॅमेऱ्याचं अजून नावही निघालेलं नाही, हे लक्षात येतंय ना?

३. आता कॅमेरा

नवा कोरा घेऊ नका. नागपूर, अमरावतीला लग्नाचे फोटोग्राफर दर दोन-तीन वर्षांनी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) बदलतात, त्यांची वापरलेली घ्या. घेताना तीन गोष्टी तपासा. शटर काउंट किती झालाय ते पाहा. साध्या बॉडीचं शटर साधारण एक लाख क्लिकच्या हिशेबानं बनवलेलं असतं. लेन्समधून मोबाइलची टॉर्च आरपार मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, सोडून द्या. तिसरी गोष्ट, कार्ड टाकून सलग वीस फोटो मारा आणि कॅमेरा कुठं अडखळतो ते बघा.

लेन्स दोन पुरे. एक ५० एमएम एफ १.८ (एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त आत येतो), दहा हजारांच्या आसपास येतं आणि रात्रीच्या कबड्डीत जीव वाचवतं. दुसरं लांबचं जवळ आणणारं, ७०-२०० किंवा ७०-३००. एफ २.८ वालं ७०-२०० परवडत नसेल तर भाड्यानं आणा. मी पहिली पाच वर्षं भाड्यावरच काढली.

आपल्या मुलखाचे तीन शत्रू आहेत, कंपनीच्या माहितीपुस्तकात ते सापडायचे नाहीत. पहिला कापसाचा तंतू. जिनिंगमध्ये रुई हवेत तरंगते. तिथं लेन्स बदलली तर ती थेट सेन्सरवर बसते आणि पुढचे महिनाभर प्रत्येक फोटोत आभाळात केस दिसतो. लेन्स बाहेर, गाडीच्या आडोशाला, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून बदला. दुसरा पावसाळा. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या; त्या ओल्या झाल्या की तव्यावर हलक्या आचेवर कोरड्या करायच्या. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला कोणी दिला तर त्याला खिचडी करायला सांगा. तिसरा मे महिना. मोटरसायकलच्या डिक्कीत बॅटरी भाजून निघते, म्हणून बॅग पाठीवर आणि बॅगेवर कोरडा, पांढरा दुपट्टा.

४. उभं कुठं राहायचं

या कामातलं सगळ्यात मोठं गुपित पायांत आहे. फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा उभं राहण्याच्या जागेमुळे, बटणामुळे फार कमी.

कबड्डीपासून सुरू करू. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद, मधे मध्यरेषा. चढाई ३० सेकंदांची. चढाईला आलेल्या गड्याचा चेहरा बचाव करणाऱ्यांच्या मागून दिसतो, म्हणजे अंतिम रेषेच्या कोपऱ्यावरून. पण पकड बसली की तोच गडी उलटा फिरतो आणि हात मध्यरेषेकडे ताणतो. आता चेहरा तुमच्याकडे पाठ करून आहे आणि खरा फोटो पलीकडे घडतोय! दोन्ही एकाच जागेवरून मिळत नाहीत. माझा मार्ग असा: पहिल्या डावात कोपऱ्यावर बसायचं, कोणता चढाईपटू जोमात आहे, कोणता कोपरारक्षक घोट्याला हात घालतो ते बघायचं. दुसऱ्या डावात मध्यरेषेच्या बाजूला, पंचांच्या पायांत न येता, जमिनीवर मांडी घालून बसायचं. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर. वरून काढलेल्या फोटोत कबड्डी म्हणजे पाठींचा ढीग दिसतो. खालून काढलं की रेषेपासून चार बोटं अलीकडे थांबलेला हात दिसतो, त्या बोटांना लागलेली माती दिसते, आणि मागे "ओढ, ओढ" ओरडणारं पब्लिक दिसतं.

रात्रीच्या सामन्याचं दुखणं वेगळं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. १/१००० शटरवर (म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) एक फोटो उजळ, दुसरा काळपट, तिसऱ्यात आडवा पट्टा. नवं पोरगं कॅमेरा बिघडला समजून दुकानात आणतं. मेन्यूमध्ये अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. नसेल तर १/५०० वर भरपूर मारा आणि निम्मे फेकायची तयारी ठेवा. खेळाडू क्षणभर थबकतो तेव्हा, म्हणजे चढाईआधी मातीला हात लावताना किंवा तिसऱ्या पंचाकडे डोळे लावून बसलेला असताना, १/१०० वर निवांत काढा. लाइट गेली आणि जनरेटर लागला, तर त्याची फ्रिक्वेन्सी हलत राहते आणि अँटी-फ्लिकरही फसतं. मग नशीब. आयएसओ, म्हणजे कमी उजेडातली कॅमेऱ्याची संवेदनशीलता, ३२०० ते ६४०० पर्यंत न्यायला घाबरू नका, वर्तमानपत्राच्या कागदावर तेवढा दाणा दिसत नाही.

खो-खोत खांब हीच जागा. आक्रमक मुलगी खांबाकडे सूर मारते तेव्हा खांबाच्या मागच्या बाजूला, मोकळ्या पट्ट्याच्या बाहेर, तुम्ही आडवे पडलेले असले पाहिजेत. दुपारच्या उन्हात १/१००० किंवा त्याहून जास्त, फोकस सततचा (कॅननमध्ये एआय सर्वो, निकॉन-सोनीत एएफ-सी), आणि फोकसचा ठिपका आधीच खांबाच्या कंबरेएवढ्या उंचीवर. फक्कीची रेषा उडते, धूळ उडते, केसांची रिबन सुटते, हे सगळं एका सेकंदात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला, तेव्हापासून खो-खोचा चांगला फोटो कोणी बाजूला टाकत नाही. आधी टाकायचे. आणि आपल्या मातीतल्या खेळांचं म्हणाल तर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिकं दाखवून आलं होतं. हे इकडच्या पोरांना सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

आता पट. शंकरपटावर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. तळेगाव दशासरचा पट तर सगळ्यांना माहीत, पण गावोगावचे छोटे पट फोटोला जास्त चांगले, गर्दी कमी आणि धुरकऱ्याच्या (जोडी हाकणाऱ्याच्या) जवळ जाता येतं. जोडी सुटते तिथं थांबू नका. शेवटच्या रेषेच्या पुढं तर बिलकुल नाही: बैलांना रेषा कळत नाही, ती जोडी पुढं बरीच लांबपर्यंत धावते आणि बाजूलाही फुटते. कठड्याच्या मागे, रेषेच्या थोडं अलीकडे, तिरपं उभं राहा. १/१६०० ला चारही खूर जमिनीवरून सुटलेले मिळतात. मग एक-दोन जोड्या १/६० वर, कॅमेरा जोडीबरोबर फिरवत काढा. मागचं पब्लिक रेघोट्यांसारखं वाहतं आणि बैलाचा डोळा तेवढा स्थिर राहतो. दहात एक जमतो. तो एक पुरतो.

एक सावधगिरी. अटींनुसार बैलाला मारणं, टोचणं चालत नाही. तुमच्या फोटोत तसं काही आलं तर तो पुरावा होतो. आयोजक जेवायला बसवतील, खांद्यावर हात ठेवतील. काय करायचं ते पटावर जायच्या आधी, घरीच ठरवून ठेवा. मी दिला आहे असा फोटो, आणि एका गावात दोन वर्षं मला बोलावलं नाही.

क्रिकेटचं थोडक्यात: उजव्या हाताच्या फलंदाजाचा चेहरा ऑफ साइडकडून दिसतो, गोलंदाजाचा समोरून. नागपूरच्या जामठा स्टेडियमवर जायचं तर पेपरच्या पत्राशिवाय पास मिळत नाही आणि बसायची जागाही ठरवून दिलेली असते. तिथं घाई करू नका. गावच्या मैदानावरच्या टेनिस बॉलकडे लक्ष द्या. कोळसा खाणीच्या वलनीचा उमेश यादव टेनिस बॉलवरच मोठा झाला.

५. वही

माझा पहिला तीन कॉलमी फोटो खो-खोचा होता. जिल्हा पातळीचा सामना, एक मुलगी पूर्ण हवेत, हात खांबाला टेकलेला. सकाळी पेपर उघडला आणि दिवसभर मी रस्त्यानं छाती काढून फिरलो. संध्याकाळी एक गृहस्थ सायकलवर आले. तेरा किलोमीटरवरून. पेपर घडी करून खिशात. काउंटरवर पसरवला आणि म्हणाले, "फोटो माह्या पोरीचा हाये, नाव दुसरीचं हाये. आता हे मी दाखवू कोनाले?"

मी संघाची यादी मास्तरांकडून घेतली होती आणि अंदाजानं नाव टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी चौथ्या पानावर बोटभर दुरुस्ती आली. ती कोण वाचतं? त्या घरातली ती एकुलती एक बातमी होती आणि मी ती चुकीच्या घरी पोचवली.

तेव्हापासून कॅमेऱ्याच्या बॅगेत शंभर पानी वही आणि सुतळीनं बांधलेला बॉलपेन असतो. रीत साधी आहे. सामन्याआधी दोन्ही संघांना वही फिरवायची. प्रत्येकानं स्वतःच्या हातानं नाव, गाव, शाळा आणि छातीवरचा नंबर लिहायचा. स्वतःच्या हातानं, कारण 'वैष्णवी'चं 'वैशाली' आपल्या कानात होतं, त्यांच्या हातात होत नाही. मग त्या पानाचा कॅमेऱ्यानंच फोटो काढायचा. कार्डमध्ये पानाचा फोटो आधी आणि त्या सामन्याचे फोटो मागे, रांगेनं. वही हरवली तरी नावं कार्डात आहेत. कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवून ठेवायचं, म्हणजे कितव्या मिनिटाला काय झालं ते पंचांच्या गुणपत्रिकेशी लावता येतं.

फोटोओळ दोन वाक्यांत लिहा. कोण, कुठल्या गावचं, कुणाविरुद्ध, कुठं, कधी, नेमकं काय करताना. 'सामन्यातील एक चित्तथरारक क्षण' असं लिहिलं की डेस्कवरचा उपसंपादक समजतो: याला नाव माहीत नाही. पटाला गेलात तर धुरकऱ्याबरोबर बैलांचीही नावं घ्या. हसू नका, पुढं कळेल.

६. पान सुटायच्या आत

ग्रामीण आवृत्तीची पानं लवकर सुटतात, म्हणजे छपाईला जातात. सामना रात्री नऊला संपणार असेल तर सात वाजताचा फोटो पाठवून मोकळे व्हा. विजेत्याचा फोटो उद्या ऑनलाइन जाईल. कार्ड रीडर मोबाइलला लावा, तीन फोटो निवडा, तीनच. चाळीस पाठवणाऱ्याचा एकही कोणी उघडत नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि फोटोत भरलेली ओळही गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कोणत्या गावात रेंज पाण्याच्या टाकीजवळ येते आणि कुठं शाळेच्या गच्चीवर, हेही वहीत.

उजेड थोडा वर-खाली करणं, कड कापणं चालतं. बाकी काही नाही. धूळ वाढवणं, मधला माणूस पुसणं, आणि आता एआयनं चेंडू आणून ठेवणं, हे केलं की धंदा संपला. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत २०१५ मध्ये शेवटच्या आधीच्या फेरीतल्या सुमारे २० टक्के फोटोंना फेरफारामुळे बाद केलं होतं. तिथं नाव फक्त जगात जातं. इथं गावात जातं.

७. दुःखाच्या दारात

आपल्या भागात बातमीचा फोटोग्राफर म्हटलं की एक दिवस आत्महत्या केलेल्या कास्तकाराच्या घरी जावं लागतंच. मी कसं करतो तेवढं सांगतो. गाडी घरापासून लांब लावतो. कॅमेरा बॅगेत. अंगणात सतरंजीवर माणसं बसलेली असतात, त्यांच्यात जाऊन बसतो, कोणी पाणी दिलं तर पितो. अर्धा तास जातो. मग घरातल्या मोठ्या माणसाला, बहुधा काका किंवा मेव्हण्याला, बाजूला विचारतो. "नको" म्हणाले तर राम राम करून उठतो. "काढा" म्हणाले तरी मृतदेह, चिठ्ठी, ती जागा, रडणारी लेकरं काढत नाही. प्रेस कौन्सिलची मार्गदर्शक तत्त्वं तेच सांगतात, पण खरं म्हणजे तत्त्वांआधी त्या घरच्या पोराला उद्या शाळेत जायचं असतं. एकदा मी दाराशी टांगलेली पिशवी काढली होती. त्यात बँकेची नोटीस, सातबारा आणि युरियाची पावती. फोटो छापला गेला, आणि कोणाचीही मान खाली गेली नाही.

इथं बाईच्या हातात कॅमेरा असेल तर ती चुलीपर्यंत जाते, आम्ही अंगणातच अडतो. मुलींच्या कबड्डी संघांबरोबरही तेच. म्हणून पायरीवर बसणाऱ्या पोरांत मुली दिसाव्यात असं फार वाटतं. देशातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर होमाई व्यारावाला दिल्लीत साडी नेसून, सायकलवर कॅमेरा लादून फिरायच्या, त्या काळात. आता स्कूटी आहे.

कायद्याचं एवढं पाठच करा. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत पोक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४. चेहरा धूसर केला म्हणजे भागलं असं नाही. गाव पाचशे घरांचं असतं. गणवेश, घराचा रंग, दारातली बैलबंडी दिसली तरी ओळख पटते.

८. कागदपत्रं आणि पैसा

'प्रेस' लिहिलेलं स्टिकर गाडीला लावून कोणी प्रेस होत नाही. सुरुवातीला पेपरचं नियुक्तिपत्र किंवा ओळखपत्र मागा. शासनाची अधिस्वीकृती पत्रिका माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं. चौकशी जिल्हा माहिती कार्यालयात करायची, अनुभवाचे पुरावे लागतात, म्हणून नावानिशी छापून आलेलं प्रत्येक कात्रण जपा. मतदानाच्या दिवशी केंद्रात जायला निवडणूक आयोगाचं प्राधिकारपत्र हवं, आणि आत गेल्यावरही मत कोणाला पडतंय ते दिसेल असा फोटो नाही. ड्रोन उडवायचा तर २०२१ चे ड्रोन नियम आणि सरकारच्या 'डिजिटल स्काय' संकेतस्थळावरचा नकाशा आधी पाहा. ताडोबा, मेळघाट, पेंचच्या आसपास वनखात्याला विचारल्याशिवाय पेटीही उघडू नका.

हक्काचं पोरांना माहीत नसतं. कॉपीराइट कायदा १९५७ चा. स्वतःहून काढलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्ही, आणि हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. पण कोणी पैसे देऊन काढून घेतला तर, वेगळं काही ठरलं नसेल तर, मालक तो. पेपरच्या नोकरीत काढला तर छापण्याचा हक्क पेपरचा. म्हणून कबड्डी मंडळाचं काम घेताना बिलावरच एक ओळ टाका: 'छायाचित्रकाराला हे फोटो बातमीसाठी वापरता येतील'. माझा एक पुराचा फोटो एका दैनिकानं फोटोखालच्या 'छाया' या ओळीत माझं नाव न टाकता छापला होता. फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, "छापला हेच मोठं नाही का?" मी मूळ फाइल आणि बिल एकत्र पाठवलं. पैसे सात महिन्यांनी आले, निम्मे. पण त्यानंतर नाव सुटलं नाही.

आणि बाहेरची दारंही ठोठावत राहा. पत्रकार पी. साईनाथांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं 'पारी' हे संकेतस्थळ गावातल्या माणसांच्या गोष्टी मराठीतही छापतं. तिथं एक सुटा फोटो चालत नाही, एका माणसाबरोबर चार दिवस राहावं लागतं. राहून बघा.

९. जपून ठेवा

दोन हार्डडिस्क, एक दुकानात, एक घरी. फोल्डरचं नाव तारीख, गाव, खेळ. वहीचं पान प्रत्येक फोल्डरमध्ये पहिलं. कार्ड दोन्हीकडे उतरल्याशिवाय पुसायचं नाही, मग लग्नाच्या घाईत असा की उपाशी असा.

मागच्या उन्हाळ्यात एक पोरगा दुकानात आला. बाप वारला होता. म्हणाला, "बाबाचा एक तरी फोटो पाह्यजे, मोबाइलमधले सगळे गेले." बाप धुरकरी होता. गाव आणि अंदाजे वर्ष त्यानं सांगितलं, मी फोल्डर उघडला, वहीचं पान निघालं, नंबर जुळवला. पाच मिनिटंही लागली नाहीत. छकड्यावर पुढं झुकलेला माणूस, दातात कासऱ्याचं टोक, डोळे बारीक. पोरगा बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिला.

आठ बाय बाराची प्रिंट काढायला घेतली आणि विचारलं, खाली नाव टाकू का.

"बाबाचं नाही टाकलं तरी चालते," तो म्हणाला. "बैलायचं टाका. घरी कोनालेच आठवून नाही राहिलं."

वहीत होतं. डावा सर्जा, उजवा पाखऱ्या.